नाव आहे, गिऱ्हाईक कुठाय?

१९९४ साली अमेरिकेत जोशुआ क्विटनर नावाच्या पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स कंपनीला फोन लावला. कंपनीच्या नावाचा इंटरनेट पत्ता अजून कोणी घेतलेला नाही, तुम्हाला तो नोंदवायचा आहे का, एवढेच त्याला विचारायचे होते. पलीकडे कोणाला त्यात फारसे काही वाटले नाही. मग क्विटनरने तो पत्ता स्वतःच नोंदवून टाकला. तेव्हा नोंदणीला पैसेही पडत नव्हते. 'वायर्ड' मासिकात त्याने ही सगळी हकिकत लिहिली आणि या नावाचे मी काय करू, असे वाचकांनाच विचारले. पुढे कंपनी जागी झाली आणि सौदा ठरला: ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेच्या संगणक-इंटरनेटसाठी कंपनीने साडेतीन हजार डॉलर द्यायचे, आणि नाव कंपनीला. क्विटनरने स्वतः छदामही घेतला नाही.

असे फोन आणि असे ईमेल करणाऱ्यांचा आज जगभर एक धंदा आहे. आधी नोंदवलेली नावे हेरून घ्यायची, जपून ठेवायची आणि ज्या कंपनीला किंवा संस्थेला ती कामाची वाटतील तिच्या दारात आपणहून जायचे. या धंद्याबद्दल दोन टोकाचे समज आढळतात. काहींना वाटते हा घरबसल्या कोट्यधीश होण्याचा मार्ग आहे. काहींना वाटते ही सरळसरळ खंडणी आहे. क्विटनरच्या वाटेने गेलेल्यांतले काही श्रीमंत झाले, काही कोर्टात हरले, आणि बहुतेकांनी दरवर्षी भाडे भरण्यापलीकडे काही केले नाही.

भाडे म्हणायचे कारण असे की डोमेन नाव कायमचे कोणाचेच होत नाही. वर्षाचे पैसे भरत राहिलात तोवर ते तुमचे. 'डॉट कॉम'ची मूळ वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे असते. सप्टेंबर २०२४पासून ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे लोकांना नावे नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, एका नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर घेते; रजिस्ट्रार त्यावर आपला नफा चढवतो. पहिले डॉट कॉम, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदवले गेले. १९९५च्या सप्टेंबरपर्यंत सगळे फुकट होते, मग तेव्हा नोंदणी सांभाळणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्सने दोन वर्षांचे १०० डॉलर घ्यायला सुरुवात केली. आज त्या वहीत पंधरा कोटींहून जास्त नावे आहेत. इंग्रजीतले सुटसुटीत शब्द, तीन अक्षरांच्या जोड्या, मोठ्या शहरांची नावे हे सगळे कधीच संपले. नव्याने धंदा काढणाऱ्याला हवे ते नाव बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावे लागते.

त्याची किंमत काय? बांधाला लागून असलेल्या शेताच्या पट्टीला शेजारचा शेतकरी जो भाव देईल तो गावातला दुसरा कोणी देणार नाही. तिसऱ्या गावातल्या दलालाला तर ती पट्टी म्हणजे नुसती अडचण. डोमेनचे तसेच. व्यापारी आपसांत लिलावात घेतात तो घाऊक भाव असतो. नाव जो स्वतःच्या पाटीवर, बिलावर, गाडीवर लावणार तो किरकोळ गिऱ्हाईक, आणि तो घाऊकच्या कित्येक पट देऊ शकतो. जर्मनीतले सेडो, गोडॅडीच्या मालकीचे आफ्टरनिक यांसारख्या बाजारपेठांत दोन्ही प्रकारचे लोक येतात, पण किरकोळ गिऱ्हाईक तिथे क्वचितच आपणहून फिरकते. बेदाण्याच्या व्यापाऱ्याला सेडो म्हणजे काय हे माहीत असण्याचे कारण नाही.

इथे एक हिशेब मांडून पाहायला हवा, कारण हजार रुपयांच्या नावाला कोणी लाख मागतो तेव्हा घेणाऱ्याचा संताप होतो. धंद्यातला सर्वसाधारण ठोकताळा असा की साठ्यातली वर्षाला एखाद-दोन टक्के नावे विकली जातात. शंभर नावे बाळगणाऱ्याने वर्षाला शंभर नूतनीकरणे भरायची, म्हणजे अकराशे डॉलरच्या आसपास, आणि हाती एखाददुसरा सौदा. विकलेल्या एक-दोन नावांना न विकलेल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव नावांचा खर्च ओढायचा असतो. ही काही परोपकाराची बाजू नाही, पण आकडा कुठून येतो ते यातून कळते. ज्याच्याजवळ शंभर सुमार नावे आहेत त्याला कितीही मोठा आकडा तारत नाही, हेही कळते.

वर्तमानपत्रांत येतात ते सौदे निराळ्या जातीचे. बिझनेस डॉट कॉम हे नाव मार्क ऑस्ट्रॉफ्स्कीने १९९७मध्ये दीड लाख डॉलरला घेतले, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल. दोन वर्षांनी ते ७५ लाख डॉलरला गेले. २०१९मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरला विकले गेले. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही सॉफ्टवेअर कंपनी होती, डोमेनचा व्यापारी नव्हे. सुरुवातीच्या काळात तिने साध्या शब्दांची बरीच नावे घेऊन ठेवली होती आणि तीच पुढे भलत्याच भावाला आली. हबस्पॉटचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी २०२३मध्ये चॅट डॉट कॉम एक कोटी ५५ लाख डॉलरला घेतले आणि पुढे ते ओपनएआयकडे गेले. मोबदला शेअरच्या रूपात घेतल्याचे त्यांनी सूचित केले.

यांपेक्षा बोधक आहेत ते फेसबुक आणि टेस्लाचे सौदे. फेसबुक सुरुवातीला 'द फेसबुक' होते. २००५मध्ये त्यांनी दोन लाख डॉलर देऊन पुढचा 'द' काढून टाकला. २०१०मध्ये त्यांना एफबी डॉट कॉम हवे झाले. ते होते अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशनकडे, म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेकडे. ८५ लाख डॉलर मोजावे लागले. संघटनेने ते नाव विकायला म्हणून घेतलेच नव्हते. तिच्या नावाची ती आद्याक्षरे होती. टेस्ला २०१६पर्यंत टेस्ला मोटर्स डॉट कॉम या पत्त्यावर होती. नुसते टेस्ला डॉट कॉम मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि एक कोटी दहा लाख डॉलर लागले, असे इलॉन मस्कने नंतर स्वतःच लिहिले.

दोन्ही कंपन्या आधीच चालू होत्या, आधीच नावारूपाला आल्या होत्या आणि अडचणीचा पत्ता घेऊन वावरत होत्या. थेट विक्रीसाठी निघालेल्याने असेच गिऱ्हाईक हुडकायचे असते. नव्या धंद्याच्या कल्पना उराशी घेऊन हिंडणारा तरुण उत्साहाने फोनवर अर्धा तास बोलतो आणि विकत काही घेत नाही, कारण त्याच्याकडे पैसे नसतात. दहा वर्षे धंदा केलेला, पत्त्यात दोन आडव्या रेघा असलेला, दर फोनवर पत्ता अक्षर-अक्षर सांगावा लागणारा माणूस कमी बोलतो आणि घेतो.

समजा तुमच्याकडे बेदाणा डॉट इन असे नाव आहे. आता गिऱ्हाईक कोण? तासगाव आणि सांगलीच्या बाजारातले अडते आणि व्यापारी, माल ठेवणारे शीतगृहवाले, नाशिककडचे निर्यातदार, सुका मेवा पाकिटात भरून विकणारे मुंबई-पुण्याचे ब्रँड. यांतल्या प्रत्येकाला सारखी गरज नसते. अडत्याचा धंदा फोनवर आणि ओळखीवर चालतो. त्याला संकेतस्थळ म्हणजे पोरांनी केलेली हौस. शीतगृहाला गिऱ्हाईक पंचक्रोशीतलेच. निर्यातदाराचा मात्र परदेशातला खरेदीदार आधी ईमेलचा पत्ता पाहतो, आणि कार्डावर जीमेल असले की दोन प्रश्न जास्त विचारतो. पाकीटवाल्याला पाकिटावर छापायला छोटा पत्ता लागतो. म्हणजे यादी या शेवटच्या दोघांची करायची. ज्यांच्या फर्मच्या नावात आधीच 'बेदाणा' किंवा 'मनुका' आहे ते वर, ज्यांचा पत्ता लांबलचक आहे ते त्याहून वर, आणि जे गूगलवर या शब्दासाठी पैसे देऊन जाहिरात करतात ते सगळ्यांत वर, कारण त्या शब्दाची किंमत ते रोज मोजत असतात.

पूर्वी कोणाचे नाव कोणाकडे आहे हे हूइज नावाच्या खुल्या यादीत दिसे, फोन नंबरासकट. मे २०१८मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि ती यादी जवळजवळ झाकली गेली. आता पत्ता शोधायचा तो कंपनीच्या संकेतस्थळावरून, लिंक्डइनवरून, नाहीतर मालाच्या खोक्यावरून. खोक्यावर छापलेला मोबाइल नंबर बहुधा खुद्द मालकाचा असतो, हा आपल्याकडचा मोठाच फायदा. आणि मालकाने ऐकून घेऊन 'मुलाशी बोला' म्हटले तर ते वाईट लक्षण समजू नये. अनेक घरांत इंटरनेटचे खाते मुलाकडे किंवा सुनेकडे असते. पैसे मालक देतो, पण हो म्हणायचे की नाही ते तिथे ठरते.

पत्र काय लिहायचे? जवळजवळ काहीच नाही. 'नमस्कार. बेदाणा डॉट इन हे डोमेन नाव माझ्याकडे आहे आणि ते मी विकायला काढले आहे. आपला बेदाण्याचा व्यवसाय आहे म्हणून कळवतो. किंमत ऐंशी हजार रुपये. व्यवहार एस्क्रोमार्फत करू. नाव आपल्या खात्यात आल्याशिवाय पैसे मला मिळणार नाहीत. नको असल्यास तसे कळवावे, पुन्हा लिहिणार नाही.' खाली नाव, पत्ता, फोन. यात तुमची विक्री दुप्पट होईल असे वचन नाही, शुक्रवारपर्यंतच ही किंमत अशी घाई नाही, आणि तुमचा प्रतिस्पर्धी हे नाव घेऊन जाईल ही धमकी तर मुळीच नाही. ती धमकी या धंद्यातले सगळ्यांत घासलेले नाणे आहे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला असे पत्र पाठवत असाल तर तिथल्या २००३च्या कायद्याप्रमाणे विषयाची ओळ खरी असावी लागते, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता द्यावा लागतो आणि पुन्हा लिहू नका म्हणण्याची सोय ठेवावी लागते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाशीही तसेच वागायला हरकत काय?

किंमत आधी सांगावी की विचारल्यावर, यावर जाणते लोक अजून भांडतात. माझे मत असे की लाखाच्या आतल्या नावाला ती सांगून टाकावी. व्यापारी माणसाला भाव न सांगता माल दाखवणारा आवडत नाही. मोठ्या नावाला मात्र सांगू नये, कारण समोर कोण आहे ते कळलेले नसते. मोठी कंपनी नाव घ्यायला निघते तेव्हा ती सहसा स्वतःचे नाव सांगत नाही; मध्यस्थ पाठवते, आणि तो मध्यस्थ एखाद्या लहानशा प्रकल्पासाठी विचारतो आहे असे भासवतो. तुम्ही आनंदाने दोन लाख म्हणता आणि महिन्याभराने त्या पत्त्यावर कोणाचा लोगो आला ते पाहता.

खरी अडचण किमतीची नसतेच, विश्वासाची असते. अनोळखी माणसाचा 'तुमच्यासाठी नाव आहे' असा ईमेल आला की शंभरातले नव्वद लोक तो फसवणुकीचा समजतात, आणि त्यांचे चुकत नाही. तुमच्या ब्रँडचे नाव चीनमध्ये दुसरी कंपनी नोंदवते आहे, ताबडतोब आमच्याकडे नोंदवा, असे खोटे ईमेल कित्येक वर्षे जगभरच्या कंपन्यांना जात आहेत. नूतनीकरणाची बनावट बिले टपालाने येतात. प्रामाणिक विक्रेत्याचे पत्र त्याच ढिगात जाऊन पडते. त्यातून वर यायला उपाय एकच: तुमच्याबद्दल पडताळता येईल असे काहीतरी द्यायचे. त्या नावावर 'विक्रीस आहे' असे साधे पान आणि त्यावर तुमचाच फोन नंबर असेल, तर नाव खरेच तुमच्या ताब्यात आहे हे घेणाऱ्याला अर्ध्या मिनिटात दिसते.

संस्थांना विकणे हे आणखी वेगळे काम. कंपनीत एकाला पटले तर पुरते. ट्रस्टमध्ये ते सभेपुढे जाते. विश्वस्तांची बैठक तिमाहीला, ठराव, त्यासाठी कोटेशन, शक्यतो तीन कोटेशने. एकमेव असलेल्या वस्तूची तीन कोटेशने आणायची कुठून, हा प्रश्न लेखापाल मनापासून विचारतो. त्यांना पक्के बिल लागते आणि वर्षअखेरीस, मार्चच्या आत, खर्च दाखवता आला तर आवडतो. धीर असेल तर हे गिऱ्हाईक चांगले, कारण एकदा घेतलेले नाव ते सोडत नाही.

काही दारे मात्र ठोठावूच नयेत. सरकारी खात्यांना 'गव्ह डॉट इन' सरकारच देते. मान्यताप्राप्त महाविद्यालये आणि विद्यापीठांसाठी 'एसी डॉट इन' आणि 'एज्यु डॉट इन' आहेत, ती एर्नेट या संस्थेकडून मिळतात आणि ती लावणे प्रतिष्ठेचे मानले जाते. बँकांचे तर चित्रच पालटले. फसवी संकेतस्थळे रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये सगळ्या बँकांना 'बँक डॉट इन' या राखीव शेपटाखाली यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही नावे हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे दाट जाळे आहे, आणि त्यांच्यासाठी म्हणून कोणी डॉट कॉम जमवून ठेवली असतील तर त्या साठ्याला आता बाजार उरलेला नाही.

बाजार म्हटले की मुंबईचा उल्लेख करायलाच हवा. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८मध्ये मुंबईत डायरेक्टी सुरू केली आणि पुढे ती नावे विकू लागली. त्यांच्याच गटातल्या स्केन्झोने रिकाम्या पडलेल्या नावांवर जाहिराती लावून पैसे मिळवण्याचा व्यवसाय केला, आणि त्याच गटातून निघालेली रॅडिक्स आज डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक अशी शेपटे चालवते. डॉट कॉममध्ये हवा तो शब्द मिळत नाही म्हणून लोक या नव्या शेपटांकडे वळतात, आणि तिथल्या चांगल्या शब्दांना मूळ वहीवालाच पहिल्या दिवसापासून चढा भाव लावतो. दुसऱ्या हाताच्या विक्रेत्याला तिथे फारशी जागा राहत नाही.

आता खंडणीच्या आरोपाकडे. डेनिस टोपेन नावाच्या अमेरिकन माणसाने १९९५च्या सुमारास शंभरहून जास्त प्रसिद्ध नावे नोंदवली. त्यांत पॅनाव्हिजन डॉट कॉम होते. पॅनाव्हिजन ही सिनेमाचे कॅमेरे बनवणारी कंपनी. तिने हरकत घेतली तेव्हा टोपेनने १३ हजार डॉलर मागितले. त्याने त्या पत्त्यावर काय ठेवले होते? इलिनॉय राज्यातल्या पाना नावाच्या गावाची विमानातून काढलेली छायाचित्रे. म्हणजे पानाचे 'व्हिजन'. कंपनीने पैसे नाकारल्यावर त्याने तिच्याच कॅमेऱ्याच्या नावाचे पॅनाफ्लेक्स डॉट कॉमही नोंदवले आणि तिथे फक्त 'हॅलो' एवढा शब्द ठेवला. विनोदबुद्धी दाद देण्यासारखी होती, पण १९९८मध्ये अपील न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पुढल्याच वर्षी अमेरिकेत खास कायदा आला. त्यात एका नावामागे एक लाख डॉलरपर्यंत भरपाई बसू शकते. त्याच १९९९ साली आयकॅन या संस्थेने तंट्यांसाठी जागतिक नियमावली आणली. तक्रारदाराने तिथे तीन गोष्टी दाखवायच्या असतात: नाव आमच्या ट्रेडमार्कशी जुळते, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते बदहेतूने घेतले व वापरले. बदहेतूचे पहिलेच उदाहरण नियमांत असे दिले आहे की नाव मुख्यतः त्या ट्रेडमार्कवाल्यालाच, खर्चापेक्षा जास्त भावाने विकण्यासाठी घेतले.

म्हणजे तुम्ही पाठवलेले ते सभ्य, चार ओळींचे पत्रच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते.

भारतात यासाठी वेगळा कायदा नाही; ट्रेडमार्कच्याच कायद्याने काम भागते, आणि 'डॉट इन'च्या नावांसाठी लवादाची व्यवस्था आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्येच 'रेडिफ'शी एका अक्षराने मिळणाऱ्या 'रॅडिफ' डॉट कॉमला मनाई केली. २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी'वरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळते असे सांगितले. उलट २०१६मध्ये शादी डॉट कॉमने सेकंडशादी डॉट कॉमला रोखायला पाहिले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मनाई दिली नाही. 'शादी' हा सगळ्यांचा शब्द आहे, त्यावर एकाची मक्तेदारी कशी चालेल?

अलीकडचे गाजलेले उदाहरण जिओहॉटस्टार डॉट कॉमचे. दोन कंपन्या एकत्र येणार हा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुण ॲप-विकासकाने २०२३मध्ये ते नाव घेतले. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्या पत्त्यावर त्याने खुले पत्र ठेवले: केंब्रिजला शिकायचे आहे, फी ९३ हजार ३४५ पौंड, म्हणजे सुमारे एक कोटी रुपये, ती रिलायन्सने भरावी. सोशल मीडियावर त्याचे भरपूर कौतुक झाले. कंपनीने मागणी मान्य केली नाही, कायदेशीर कारवाईचा इशारा आला, असे त्यानेच पुढे लिहिले. अंदाज अचूक होता, पत्र मनमोकळे होते, आणि तरीही सौदा उभा राहणे शक्य नव्हते. 'जिओ' आणि 'हॉटस्टार' दोन्ही दुसऱ्याचे शब्द, आणि नाव घेण्याचे कारण त्याने आपल्याच हाताने पानावर लिहून ठेवलेले.

याच्या दुसऱ्या टोकाला उझी निस्सान. हे त्याचे आडनावच. १९८०पासून तो या नावाने गॅरेज आणि मग इतर धंदे करत होता, आणि १९९४मध्ये त्याने आपल्या संगणकाच्या दुकानासाठी निस्सान डॉट कॉम घेतले. मोटारींच्या निस्सान कंपनीने १९९९मध्ये त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा ठोकला. खटला वर्षानुवर्षे चालला, त्यात तो खचला, पण नाव त्याच्याकडेच राहिले. २०२०मध्ये करोनाने त्याचा मृत्यू झाला तोवर त्याने ते विकले नव्हते.

शेताच्या पट्टीचा हिशेब इथे अपुरा पडतो. शेजारी एकच असला तरी जमीन विकणारा गुन्हेगार ठरत नाही. डोमेनमध्ये मात्र ज्या नावाला जगात एकच गिऱ्हाईक असू शकते ते नाव बहुधा त्या गिऱ्हाइकाचेच असते. घ्यायचेच तर असे घ्यावे की ज्याला पाच-पन्नास जण तरी हक्काने वापरू शकतील: पदार्थ, व्यवसाय, पीक, हवामान, चालीरीती. बेदाणा डॉट इनवर कोणी ट्रेडमार्कचा दावा लावू शकत नाही, आणि निर्यातदाराने ऐंशी हजाराला नाही म्हटले तर पाकीटवाल्याकडे जाता येते. भाव टिकतो तोही त्यामुळेच. एका गिऱ्हाइकापुढे बसलेला विक्रेता दर आठवड्याला खाली येत जातो.

सौदा ठरल्यावरचे काम कंटाळवाणे पण सरळ आहे. एस्क्रो म्हणजे तिऱ्हाइताकडे पैसे. एस्क्रो डॉट कॉम ही कंपनी १९९९पासून हेच करते: घेणारा तिच्याकडे पैसे भरतो, मग विकणारा नाव हलवतो, घेणारा मिळाले म्हणतो, आणि मग पैसे सुटतात. पैसे जमा झाल्याची खबर एस्क्रोच्या खात्यात लॉगिन करून स्वतः पाहावी. ईमेलवर विसंबू नये, कारण त्या ईमेलची हुबेहूब नक्कल करणारे ठग आहेत. नाव हलवायचे दोन मार्ग. दोघांचा रजिस्ट्रार एकच असेल तर या खात्यातून त्या खात्यात ढकलायचे, काही मिनिटांत होते. वेगळा असेल तर कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा परवलीचा शब्द, द्यायचा आणि थांबायचे. डॉट कॉम नव्याने नोंदवले किंवा दुसरीकडून हलवले असेल तर साठ दिवस ते रजिस्ट्रारच्या बाहेर नेता येत नाही, म्हणून ताजे नाव विकणाऱ्याने घेणाऱ्याला हे आधीच सांगावे. परदेशातून पैसे येणार असतील तर बँक ते कशाबद्दल आले याचा कोड विचारते. हाताशी बिल असले की काम सोपे होते. घेणाऱ्याची एकरकमी देण्याची तयारी नसेल तर हप्ते बांधून देणाऱ्या सेवाही आहेत, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत नाव त्या सेवेच्या ताब्यात राहते. जुने ईमेल पत्ते किमान वर्षभर चालू ठेवा, असे घेणाऱ्याला सांगणे विक्रेत्याच्या कामात मोडत नाही, पण सांगावे; नव्या पत्त्यामुळे एखादी ऑर्डर चुकली तर शिव्या विक्रेत्यालाच बसतात.

आणि जे विकले जात नाही त्याचे काय? मुदत संपली की डॉट कॉम लगेच जात नाही. रजिस्ट्रारप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग ३० दिवस दंड भरून सोडवून घेण्याची मुभा, मग पाच दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि नंतर ते पुन्हा पहिल्याच दराने खुले होते. त्या क्षणाची वाट पाहत सेकंदाला शेकडो अर्ज टाकणारे संगणक बसलेले असतात, त्यामुळे बऱ्यापैकी नाव खुल्या बाजारापर्यंत येतच नाही. दोन-तीन वर्षांत ज्या नावाबद्दल एकही विचारणा आली नाही आणि ज्याची गिऱ्हाइकांची यादी करायला बसल्यावर चार ओळीही भरत नाहीत, ते खुशाल सोडून द्यावे. त्याच्या भाड्यात दुसरे एखादे बरे नाव येते.